डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरी बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 2017 सालची ह्युंदाई क्रेटा, 1.6 डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. धाव 88,000 किलोमीटर. मालक नाशिकला इंदिरानगरात राहतात आणि कामानिमित्त जवळजवळ दर आठवड्याला कसारा घाटातून मुंबईला जाऊन येतात. गिअरबॉक्सचे ऑइल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलावे अशी त्यांची इच्छा आहे. परंतु बॉनेट उघडल्यावर इंजिनाची डिपस्टिक सापडते, गिअरबॉक्सची सापडत नाही. एका जाणकाराने त्यांना सांगितले की हे ऑइल आयुष्यभराचे असते, त्याला हात लावू नये; दुसऱ्याने सांगितले की चार लिटर काढा, चार लिटर ओता, त्यात विशेष काही नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि डिपस्टिकच नसेल तर पातळी पाहायची कशी, असे ते विचारतात.

मी गेली बावीस वर्षे अंबडला गाड्यांचे काम करतो आणि त्यातली निम्मी वर्षे मुख्यतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गेली आहेत. माझे मत आधीच सांगतो. पहिल्या जाणकाराचे ऐकू नये. दुसऱ्याचे ऐकावे, पण त्याने जो भाग सांगितला नाही तोच या कामातला खरा भाग आहे, आणि तो म्हणजे तापमान. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सची पातळी ठरावीक तापमानालाच मोजता येते. ते तापमान हाती नसेल तर कितीही काळजीपूर्वक ओतलेले ऑइल अंदाजानेच ओतलेले असते.

'आयुष्यभर' या शब्दाबद्दल फार वाद घालण्याची गरज नाही, कारण उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातच आहे. त्यात देखभालीचे दोन तक्ते असतात. साधारण वापराच्या तक्त्यात या ऑइलला तपासणी किंवा बदल लागत नाही असे म्हटलेले असते. कठीण वापराच्या तक्त्यात मात्र ते बदलण्याचा किलोमीटरचा आकडा दिलेला असतो. कठीण वापर म्हणजे काय, याची यादी त्याच पानाच्या आसपास सापडते: डोंगराळ रस्ते, धूळ, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, 32 अंशांहून अधिक उष्णतेत गर्दीतून चालवणे. द्वारका चौकातली एप्रिलमधली संध्याकाळ आणि कसारा घाटातल्या भरलेल्या ट्रकमागची चढण या दोहोंचे वर्णन या यादीत जवळजवळ जसेच्या तसे आहे. जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते. तीदेखील आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल वापराप्रमाणे 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांनी बदलावे असे सांगते. आपली गाडी दोन्ही मोजमापांनी त्या टप्प्यात आली आहे.

घाटात नेमके काय होते तेही पाहू. इंजिन आणि गिअर यांच्या मधला टॉर्क कन्व्हर्टर हा ऑइलच्या प्रवाहातून ताकद पुढे पाठवतो. वेग स्थिर असेल तर त्यातला लॉक-अप क्लच बसतो, दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि ऑइल फारसे तापत नाही. ट्रकच्या मागे दहा-पंधराच्या वेगाने चढताना हा क्लच सुटलेला राहतो, आतले ऑइल सतत घुसळले जाते आणि इंजिनाच्या ताकदीचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायने या उष्णतेने हळूहळू संपतात, क्लचच्या चकत्यांची बारीक पूड त्यात मिसळत राहते, आणि गिअर पडताना पूर्वी नसलेला हलका धक्का जाणवू लागतो. हा धक्का दोन-तीन वर्षांत इतका सावकाश वाढतो की रोज गाडी चालवणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

आता पातळीकडे येतो. आपल्या गिअरबॉक्समध्ये एकूण सात लिटरांहून थोडे अधिक ऑइल असते. खालचा ड्रेन प्लग काढल्यावर त्यातले साधारण निम्मेच बाहेर येते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहते. गिअरबॉक्सचे ऑइल दर दहा अंशांना ढोबळमानाने पाऊण टक्का फुगते. सात लिटरांचा हिशेब धरला तर 30 अंशांपासून 90 अंशांपर्यंत ते तीनशे मिलिलिटरांहून अधिक वाढते. हे तीनशे मिलिलिटर खालच्या अरुंद जागेत चढत असल्यामुळे पातळीत बराच फरक पडतो. म्हणूनच कंपनी 'इतके लिटर' असे सांगून थांबत नाही. 'इतक्या अंशांना, इंजिन चालू असताना, या भोकाच्या कडेपर्यंत' असे सांगते. हे भोक पातळीच्या प्लगचे असते: तो उघडला की कडेच्या वरचे ऑइल वाहून जाते आणि कडेपर्यंतचे आत राहते.

इंजिन चालू असण्याची अट अनेकांना विसंगत वाटते, कारण इंजिनाचे ऑइल आपण ते बंद करून तपासतो. गिअरबॉक्सचा पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि फिरत असतानाच कन्व्हर्टर, कूलर आणि वाटा भरलेल्या ठेवतो. इंजिन बंद केले की त्यातले काही ऑइल खाली उतरते व पातळी खोटी वर दिसते. त्या वेळी पातळीचा प्लग उघडला तर गरजेचे ऑइलसुद्धा वाहून जाते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एक गाडी माझ्याकडे आली. तिचे ऑइल दुसऱ्या एका ठिकाणी नुकतेच बदलले होते; ऑइल योग्य होते, डबेही मालकाने जपून ठेवले होते. तक्रार अशी की सकाळी थंडीत रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी धक्का देऊन मागे सरकते. सप्तशृंगीच्या घाटात वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढतो पण गाडी ओढत नाही. चौकशी केल्यावर कळले की मालक मुंबईहून थेट तिथे गेले होते, गाडी तशीच तापलेली रॅम्पवर चढवली होती आणि इंजिन बंद करून पातळीचा प्लग उघडला होता. ऑइल वाहायचे थांबले तेव्हा प्लग लावला. काम करणाऱ्याने आपल्या समजुतीने काळजीच घेतली होती. मी योग्य तापमानाला पातळी बसवली तेव्हा गिअरबॉक्सने पाऊण लिटरापेक्षा थोडे अधिक ऑइल घेतले आणि दोन्ही तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. गाडी महिनाभर उशिरा आली असती तर क्लचच्या चकत्या जळाल्या असत्या.

उलट चूकही तितकीच वाईट असते. थंड ऑइलवर पातळी बसवली तर गरम झाल्यावर ती जास्त होते, फिरणारे भाग ऑइलमध्ये बुडू लागतात, फेस होतो, पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो आणि दाब पडतो. मालकाला लक्षणे दिसतात ती कमी ऑइलसारखीच. त्यामुळे तो आणखी ओततो.

आपल्या गाडीत पातळी कशी दिसते ते सांगण्याआधी दुसऱ्या रचनांबद्दल दोन शब्द, कारण हे उत्तर वाचून शेजारी आपल्या गाडीवर प्रयोग करतील. काही गाड्यांत, विशेषतः स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या ऐसिन बनावटीच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये, खालच्या प्लगच्या आत एक छोटी उभी नळी असते. प्लग काढला की नळीतले कपभर ऑइल येते आणि थांबते. सवय नसलेल्या माणसाला वाटते की गिअरबॉक्स रिकामा झाला. तो वरून तीन-चार लिटर ओततो आणि पातळी भलतीच वर जाते. प्रत्यक्षात ती नळी ॲलन कीने सोडवून काढावी लागते, तेव्हा कुठे ऑइल उतरते. नंतर ती परत बसवून नळीच्या वरच्या टोकावरून ओघळणाऱ्या ऑइलने पातळी ठरते. तिथे तापमान 35 ते 45 अंशांच्या दरम्यान हवे. मे महिन्यात नाशिकला उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला पोहोचलेले असते, म्हणून ते काम पहाटे सहाला सुरू करावे. टोयोटाच्या डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गिअरबॉक्सना तापमान सांगण्याची स्वतःची युक्ती दिलेली आहे: डायग्नोस्टिक सॉकेटमधले 4 आणि 13 क्रमांकाचे टर्मिनल जोडून ठरलेल्या क्रमाने लिव्हर हलवला की डॅशबोर्डवरचा 'डी' दिवा योग्य तापमानाला स्थिर पेटतो, थंड असताना विझलेला राहतो आणि जास्त गरम झाल्यावर लुकलुकतो. त्याच सॉकेटमध्ये 16 क्रमांकावर बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो हे मात्र तार घालण्याआधी लक्षात ठेवावे. एएमटी ही या अर्थाने ऑटोमॅटिक नव्हेच. तो नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते, त्यामुळे त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, ओतण्याचा प्रश्नच येत नाही. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, फक्त सीव्हीटीचेच ऑइल लागते.

आपल्या क्रेटात तीन तोंडे महत्त्वाची आहेत. तळाशी ड्रेन प्लग. पुढच्या बाजूच्या कव्हरवर पातळीचा प्लग. आणि गिअरबॉक्सच्या वर ऑइल भरण्याचे तोंड, जिथपर्यंत हात जाण्यासाठी एअर फिल्टरचा डबा सोडवावा लागतो. मी उमेदवारी करत होतो तेव्हा माझ्या उस्तादांनी शिकवलेला पहिला नियम असा होता: "आधी भरायचं तोंड उघड, मग रिकामं कर." त्या वेळी मला तो उगाच वाटला होता. एकदा मी ऑइल काढून मोकळा झालो आणि भरण्याच्या प्लगचा षटकोन पान्याखाली गोल झाला. कोरडा गिअरबॉक्स घेऊन ती गाडी दोन दिवस जागेवर उभी राहिली, कारण टो करूनसुद्धा तिला हलवण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून वरचा प्लग हाताने फिरेल इतका सैल झाल्याशिवाय मी खालच्या प्लगला पाना लावत नाही.

ऑइल एसपी-फोर हेच घ्यावे, एसपी-थ्री नव्हे. नावात एका अंकाचा फरक असला तरी ही दोन वेगवेगळी ऑइले आहेत. एसपी-फोर पातळ आहे आणि या गिअरबॉक्सचे व्हॉल्व्ह व क्लच त्याच्या पातळपणाचा हिशेब धरून बनवलेले आहेत. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालते' असे लिहिलेला डबा दुकानदार पुढे करील. चांगल्या कंपनीच्या डब्यावर एसपी-फोरचा स्पष्ट उल्लेख असेल तर तो घेण्यास माझी हरकत नाही, पण पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने अधिकृत पार्ट काउंटरवरून सीलबंद डबे घ्यावेत, म्हणजे पुढे काही शंका आली तर ऑइल तरी त्यातून वगळता येते. डब्यांबरोबर दोन्ही प्लगचे नवीन वॉशर घ्यावेत. जुना वॉशर एकदा दबलेला असतो. तो पुन्हा वापरून वाचणारे पैसे पार्किंगच्या फरशीवरच्या लाल थेंबांत जातात.

गाडी सपाट असणे ही या कामातली दुसरी अवघड बाब. पुढची बाजू जॅकवर उचलून मागची चाके जमिनीवर ठेवली तर गाडी मागे कलते आणि पातळीच्या भोकाला अर्थ उरत नाही. चारही कोपरे सारख्या उंचीच्या स्टँडवर हवेत. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. यावर मी गवंड्याची लेव्हल पाइप वापरतो. दहा-बारा फूट लांबीची पारदर्शक नळी घ्यावी, तिच्यात पाणी भरावे, मध्ये बुडबुडा राहिलेला नाही हे पाहावे, आणि एक टोक डाव्या पुढच्या दाराखालच्या जॅक पॉइंटशी व दुसरे टोक उजव्या मागच्या जॅक पॉइंटशी धरावे. दोन्ही टोकांतले पाणी बॉडीच्या त्याच कडेला लागले तर तो कर्ण सपाट आहे. मग दुसरा कर्ण. माझ्याकडे लेझरची लेव्हलसुद्धा आहे, पण दुपारच्या उजेडात तिची रेघ दिसत नाही. नळीतले पाणी केव्हाही दिसते.

आणि येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. पातळी तपासताना इंजिन चालू असते, कोणीतरी आत बसून लिव्हर हलवत असते आणि आपण गाडीखाली असतो. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हे करू नये. विटांवर तर मुळीच नाही. हँडब्रेक ओढलेला असावा, आत बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर पक्का असावा, त्याला आपला आवाज ऐकू येत असावा, आणि पार्किंग तळघरात असेल तर डिझेलचा धूर कुठे जाणार याचा आधी विचार करावा. चार स्टँड आणि भरवशाचा दुसरा माणूस नसेल तर अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या गॅरेजात तासाभरासाठी टू-पोस्ट लिफ्ट मागून घ्यावी. ओळखीत नाही म्हणणारे थोडे असतात.

ऑइल काढताना गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणलेली असावी, म्हणजे बसलेली पूड ऑइलबरोबर निघते. पण घाट चढून आल्या आल्या प्लग उघडू नये, 90 अंशांचे ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत वाहते. घमेले घेतले तरी चालेल, मात्र नंतर ते ऑइल मापाच्या भांड्यात ओतून किती निघाले ते लिहून ठेवावे आणि नवीन ऑइल त्याच भांड्याने मोजावे. भांड्यावरच्या रेघा थोड्या चुकीच्या असल्या तरी दोन्ही वेळा चूक सारखीच होते. निघालेले ऑइल काळपट तपकिरी असेल तर घाबरण्याचे कारण नाही, या वयाला ते तसेच असते. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून बोटांत चोळून पाहावेत: करडी, पिठासारखी बारीक पूड चालते, नखाला टोचणारे चकाकते तुकडे किंवा करपलेल्या ब्रेकसारखा वास असेल तर थांबावे आणि गिअरबॉक्स जाणकाराला दाखवावा. चकत्या आधीच जळालेल्या असतील तर नवे ऑइल त्या परत आणत नाही. 'ऑइल बदलले आणि गिअरबॉक्स गेला' अशी जी उदाहरणे ऐकू येतात, त्यांपैकी मी पाहिलेल्या बहुतेक गाड्या ऑइल बदलण्याआधीच घसरत होत्या, आणि घसरत होत्या म्हणूनच मालकाला ऑइल आठवले होते.

भरताना लांब पारदर्शक नळी आणि नरसाळे पुरेसे आहे. तोंडाच्या आसपासची धूळ आधी ब्रशने आणि हवेने काढावी. पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नये. तिचा एक धागा आत गेला तरी व्हॉल्व्ह बॉडीत त्याचे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. धुतलेले, दोरे न सुटणारे कापड घ्यावे. जितके निघाले तितके ऑइल, आणि त्यावर सुमारे 700 मिलिलिटर जास्तीचे ओतावे. हे जास्तीचे ऑइल मुद्दाम ओतायचे असते, कारण पातळी वरून खाली उतरवत आणायची आहे. कमी पडलेले ऑइल गाडी गरम असताना पुन्हा वरून ओतत बसणे फार त्रासाचे असते. मग एअर फिल्टरचा डबा व त्याचा सेन्सर परत जोडूनच इंजिन सुरू करावे. ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा सावकाश न्यावा, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबावे, परत आणावा, आणि हे काही वेळा करावे. ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला पाय लावू नये.

आपल्या गाडीला पातळीसाठी ऑइलचे तापमान 50 ते 60 अंश हवे. ते वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचे ब्लूटूथचे स्वस्त ओबीडी यंत्र इंजिनाच्या पाण्याचे तापमान दाखवते, ते गिअरबॉक्सचे नव्हे. गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान कंपनीगणिक वेगळ्या कोडने वाचावे लागते, त्यामुळे ह्युंदाईचा डेटा वाचणारे ॲप किंवा स्कॅनर आहे याची खात्री काम सुरू करण्याआधी करावी. स्कॅनर न मिळाल्यास इन्फ्रारेड थर्मामीटरचा आधार घेता येतो, पण उघड्या ॲल्युमिनियमवर तो रोखला तर चकाकीमुळे आकडा बराच कमी येतो. गिअरबॉक्सच्या तळाजवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवून त्यावर रोखावा. तरीही तो आकडा बाहेरच्या धातूचा असतो आणि आतले ऑइल त्याहून काही अंश गरम असते, म्हणून टेपवर 50 दिसू लागताच प्लग उघडण्याची तयारी ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी या कामाला सोयीची असते. ऑइल हळूहळू तापते आणि त्या दहा अंशांत पुरेसा वेळ मिळतो. घड्याळ लावून 'पंधरा मिनिटे चालवले म्हणजे झाले' असा हिशेब मात्र कोणत्याच ऋतूत करू नये.

पातळीचा प्लग उघडल्यावर पहिल्यांदा जाड धार येईल. ते आपण जास्तीचे ओतलेले ऑइल आहे, त्याने गडबडून जाऊ नये. इंजिन चालू राहू द्यावे आणि धारेकडे पाहत राहावे. ती बारीक होत जाते, भोकाच्या खालच्या कडेला चिकटते, आणि एका क्षणी सुतासारखी, न तुटणारी, संथ धार उरते. प्लग तेव्हाच लावायचा. धार तुटून थेंब-थेंब होईपर्यंत थांबलात तर तोवर तापमान वाढलेले असते, ऑइल फुगत असते आणि तो टिपटिप काही लवकर संपत नाही. प्लग उघडल्यावर काहीच आले नाही तर ऑइल कमी आहे. प्लग लावून, इंजिन बंद करून, वरून अर्धा लिटर ओतावे आणि पुन्हा सुरुवात करावी. दरम्यान तापमान 60 च्या वर गेले असेल तर घाईने उरकू नये. गाडी तशीच उभी ठेवून सकाळी पुन्हा तपासावे. प्लग पुस्तकातल्या टॉर्कप्रमाणे टॉर्क रेंचने आवळावा. गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. हाताच्या जोराने तिच्यातले आटे एकदा गेले की हे घरचे काम राहत नाही.

एकदा बदलून निम्मेच ऑइल नवे होते हे वर आलेच आहे. सात लिटरांत साडेतीन नवे पडले तर अर्धे नवे. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तितकेच बदलले तर पाऊण भाग नवा. तिसऱ्यांदा केले तर साडेसत्याऐंशी टक्के. तिसरी खेप पैशांच्या मानाने फार थोडे देते, त्यामुळे मी दोनवर थांबतो. यंत्र लावून एका बैठकीत सगळे ऑइल बदलण्याची सोय काही ठिकाणी मिळते. 88,000 पर्यंत एकदाही न बदललेल्या गिअरबॉक्सला मी ती सुचवत नाही. बदलानंतर पहिले काही दिवस गिअर पडण्याची जाणीव थोडी वेगळी वाटते, कारण कंट्रोल युनिट जुन्या ऑइलला सरावलेले असते आणि ते हळूहळू जुळवून घेते. पहिल्या रात्री गिअरबॉक्सखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी त्यावर काही पडले आहे का ते पाहावे.

निघालेले ऑइल पार्किंगच्या जाळीत ओतू नये. इंदिरानगरातले असे पाणी नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जाते. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यांत भरून, जिथून अधिकृत पुनर्प्रक्रियावाले जुने ऑइल उचलतात अशा गॅरेजात द्यावे. मोठी सर्व्हिस सेंटरे सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या खेपेला किती ऑइल निघाले आणि धार सुतासारखी झाली तेव्हा स्कॅनरवर किती अंश होते, हे दोन आकडे लिहून पाठवावेत. त्यात काही वावगे दिसले तर ते घाटात गाडी नेण्याआधी सांगता येईल.